स्कूबाचं कार्ड हरवलं किंवा जुनं झालं, तर नवं कसं मिळवायचं

स्कूबा डायव्हिंगचं कार्ड हरवलं तरी सर्टिफिकेशन हरवत नाही. पॅडी, एसएसआय, नाउई अशा ज्या एजन्सीचा कोर्स तुम्ही केला असेल, तिच्याकडे तुमची नोंद असते: नाव, जन्मतारीख, कोर्स कोणता, कधी पूर्ण झाला, कुठल्या इन्स्ट्रक्टरने पास केलं. कार्ड म्हणजे त्या नोंदीची खिशात ठेवायची प्रत. म्हणून मेहनत घ्यायची ती नोंद शोधायला. ती हाती लागली की पुढचं काम घरबसल्या होतं. बरेच जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी साइटवर नवं खातं उघडतात, कार्डाचे पैसे भरायला जातात, आणि 'तुमची नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं की हबकतात. नोंद बहुतेक वेळा असते. ती वेगळ्या स्पेलिंगखाली किंवा बंद पडलेल्या ईमेलखाली अडकलेली असते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. आपल्याकडे काही हरवलं की पोलिसांत तक्रार आणि स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, अशी सवय लागलेली असते. डायव्हिंगच्या कार्डासाठी यातलं काही लागत नाही. नोटरीकडे जाऊन पैसे घालवू नका.

आधी बघा, सर्टिफिकेशन झालं होतं का

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण मालवणला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला जाऊन 'स्कूबा केलं' असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नवख्यांना ओळख करून देणारा एखादा डाइव्ह केलेला असतो. बोटीवर थोडी माहिती, मग इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून तुम्हाला खाली नेतो, फोटो आणि व्हिडिओ मिळतो, कधी कधी नाव घातलेला छानसा कागदही मिळतो. हा कागद सर्टिफिकेशन नव्हे. पॅडीच्या भाषेत याला 'डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग' म्हणतात आणि त्याची कमाल खोली १२ मीटर. तो करून मजा येते, पण त्याच्या जोरावर दुसरं सेंटर तुम्हाला सर्टिफाइड डायव्हर म्हणून बोटीवर घेणार नाही, आणि त्याचं 'डुप्लिकेट कार्ड' असा काही प्रकार नसतो.

खरा ओपन वॉटर कोर्स, म्हणजे सर्टिफिकेशनची पहिली पायरी, आठवणीतून जात नाही. थिअरी, परीक्षा, पोहण्याची चाचणी, मग पोहण्याच्या तलावात किंवा उथळ शांत पाण्यात मास्क काढून परत घालण्यासारखे सराव, आणि शेवटी समुद्रात चार डाइव्ह. साधारण तीन-चार दिवस जातात. ठिकाणावरून मात्र अंदाज बांधू नका. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या 'इस्डा' केंद्रात पर्यटकांचे डाइव्ह होतात तसे पूर्ण कोर्सही होतात.

एजन्सी कोणती होती?

क्लास आणि बोर्ड यांत जो फरक, तोच डाइव्ह सेंटर आणि एजन्सी यांत. तुम्हाला अंदमानातल्या हॅवलॉकच्या किंवा थायलंडमधल्या को ताओच्या एखाद्या सेंटरने शिकवलं. सर्टिफिकेट दिलं ते एजन्सीने. सेंटर बंद पडलं, मालक बदलला, इन्स्ट्रक्टर मायदेशी परत गेला, तरी एजन्सीकडची नोंद तशीच राहते. त्यामुळे 'ते दुकान आता नाहीच' याने खचून जायचं कारण नाही.

एजन्सी आठवत नसेल तर ईमेलमध्ये शोधा. पॅडी (PADI), एसएसआय (SSI), नाउई (NAUI), एसडीआय (SDI), रेड (RAID), बीसॅक (BSAC), सीएमएएस (CMAS) ही नावं एकेक करून इंग्रजीत टाका. ऑनलाइन थिअरी केली असेल तर लॉगिनचा ईमेल नक्की आलेला असतो. कोर्सचं पुस्तक, डाइव्हिंगचा तक्ता, टी-शर्ट, बॅगेला लावलेला टॅग, सगळ्यावर एजन्सीचं चिन्ह असतं. कोर्सच्या शेवटच्या दिवशी काढलेला ग्रुप फोटो मोठा करून पाहा. मागच्या भिंतीवर बहुतेक वेळा फलक दिसतो.

पण सगळ्यांत भरवशाची वस्तू म्हणजे लॉगबुक. ते असेल तर कोर्सच्या चार डाइव्हची पानं उघडा. प्रत्येक पानावर तारीख, जागा, कमाल खोली, पाण्यातली मिनिटं, टाकीतला दाब सुरुवातीला किती आणि वर आल्यावर किती, असं भरलेलं असतं. खालच्या कोपऱ्यात इन्स्ट्रक्टरची सही, तिच्या शेजारी त्याचा क्रमांक आणि सेंटरचा शिक्का. तो इन्स्ट्रक्टर क्रमांक सोन्यासारखा जपा. तुमचं स्वतःचं नाव सापडत नसेल तेव्हा त्या क्रमांकावरून आणि तारखेवरून एजन्सीला शोध घेता येतो. या चार पानांचे स्वच्छ उजेडात फोटो काढून ठेवा.

फार जुन्या कार्डांसाठी थोडा इतिहास लागतो. नासडीएस (NASDS) ही अमेरिकन संस्था १९९९ मध्ये एसएसआयमध्ये विलीन झाली, त्यामुळे त्या काळी अमेरिकेत शिकलेल्यांनी चौकशी एसएसआयकडे करायची. वायएमसीएचा अमेरिकेतला स्कूबा कार्यक्रम २००८ मध्ये बंद झाला. त्याच लोकांतून पुढे एसईआय (SEI) ही संस्था उभी राहिली. चौकशीची सुरुवात तिथून करा.

नाव आणि जन्मतारीख: इथेच खरा घोळ असतो

एजन्सी तुम्हाला शोधते ती नाव आणि जन्मतारीख या दोन गोष्टींवरून. मराठी माणसाचं नाव या पद्धतीत नीट बसत नाही. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं. कोर्सच्या फॉर्मवर कोणी ते लिहितं, कोणी गाळतं, कोणाचं वडिलांचं नावच आडनावाच्या रकान्यात जातं. लग्नाआधी कोर्स केलेल्या बाईची नोंद माहेरच्या आडनावाखाली असते आणि ती शोधत असते सासरच्या. सौरभमध्ये 'एयू' की 'ओयू', स्मिताच्या शेवटी एक 'ए' की दोन, असले फरकही पुरतात. परदेशी इन्स्ट्रक्टरने तुमचं नाव ऐकून टाइप केलं असेल तर मग विचारायलाच नको.

म्हणून शोधायला बसण्याआधी एका कागदावर तुमच्या नावाची शक्य तेवढी रूपं लिहून काढा: पूर्ण नाव, मधलं नाव वगळून, मधल्या नावाचं फक्त आद्याक्षर घेऊन, माहेरचं आडनाव, नाव आणि आडनाव उलटसुलट.

जन्मतारखेचा सापळा याहून फसवा आहे. पॅडी आणि नाउई या मूळच्या अमेरिकन संस्था, आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. तुमचा जन्म ५ ऑगस्टचा असेल आणि तुम्ही हाताने ५/८ लिहिलं असेल, तर नोंदीत ८ मे बसलेला असू शकतो. महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांत जन्मलेल्यांनी हे हमखास तपासावं. दिवस आणि महिना उलटा करून शोधा. नोंद सापडली तर ती तारीख तशीच सोडू नका, पासपोर्टची प्रत पाठवून दुरुस्त करून घ्या, नाहीतर पुढच्या प्रत्येक कोर्सला हाच त्रास.

मग ईमेल. कोर्सच्या वेळी दिलेला पत्ता आधीच्या नोकरीतला असेल तर तो बंद झालेला असतो आणि पासवर्ड बदलण्याची लिंक तिकडेच जाते. अशा वेळी दुसऱ्या ईमेलवरून नवं खातं उघडण्याचा मोह आवरा. ओपन वॉटर एका खात्यावर, त्यापुढचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स दुसऱ्यावर, असं झालं की अ‍ॅपमध्ये अर्धीच कार्डं दिसतात आणि उरलेली गेली असं वाटतं. तसं आधीच झालं असेल तर एजन्सीला दोन्ही ईमेल कळवून खाती एकत्र करायला सांगा.

पैसे भरण्याआधी एक फुकटचा उपाय

ज्या सेंटरबरोबर पुढचा डाइव्ह करणार आहात त्यांना ईमेल करा. नाव, जन्मतारीख, एजन्सी आणि कोर्सचं वर्ष कळवा आणि नोंद तपासायला सांगा. पॅडीच्या सेंटर्सना डायव्हरची नोंद ऑनलाइन पडताळता येते, आणि एसएसआयची सेंटर्सही त्यांच्या यंत्रणेत शोध घेऊ शकतात. त्यांना तुमचं नाव दिसलं तर त्या सहलीपुरतं कार्डाविना भागू शकतं. दिसलं नाही तर अडचण निघण्याआधीच कळली. एक अट: सेंटर त्याच एजन्सीचं असेल तर हे सोपं जातं. एसएसआयचं सेंटर पॅडीची नोंद स्वतःच्या यंत्रणेत पाहू शकत नाही.

कार्ड दुसऱ्या एजन्सीचं असलं म्हणून कोणी परत पाठवेल ही भीती मात्र ठेवू नका. पॅडी आणि एसएसआय, दोघांचाही ओपन वॉटर कोर्स आयएसओ २४८०१-२ या एकाच आंतरराष्ट्रीय मानकाला धरून आहे, आणि सेंटर्स एकमेकांची कार्डं रोज स्वीकारतात.

प्रत्यक्ष अर्ज

पॅडीचं असेल तर साइटवर किंवा अ‍ॅपमध्ये जुन्या ईमेलने लॉगिन करा. अलीकडचा कोर्स असेल तर ई-कार्ड तिथे तयारच असतं. जुन्या कोर्ससाठी साइटवर बदली कार्डाचा विभाग आहे. डिजिटल हवं की प्लास्टिकचं ते निवडायचं, नवा फोटो चढवायचा, शुल्क भरायचं. प्रत्येक कोर्सचं कार्ड वेगळं असतं हे ध्यानात घ्या. सगळी मागवायची गरज नाही. मुख्य कोर्सपैकी सगळ्यांत वरच्या स्तराचं एक घ्या. रेस्क्यू डायव्हरचं कार्ड असेल तर त्याखालची ओपन वॉटर आणि अ‍ॅडव्हान्स्ड कोणी विचारत नाही. त्याशिवाय नायट्रॉक्सचं, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या टाकीच्या कोर्सचं, मात्र घ्याच. ते नसेल तर सेंटर तुम्हाला ३२ टक्के ऑक्सिजनची टाकी देणार नाही, मग तुम्ही कितीही अनुभवी असा. चुकीच्या खोलीवर जास्तीचा ऑक्सिजन विषारी ठरतो, त्यामुळे इथे सेंटरने अडून बसणंच योग्य आहे.

एसएसआयचं काम सगळ्यांत सोपं आहे. डिजिटल कार्ड मायएसएसआय अ‍ॅपमध्ये वेगळे पैसे न भरता दिसतं. लॉगिन होत नसेल तर शिकवलेल्या सेंटरला किंवा एसएसआयच्या कार्यालयाला लिहायचं. नाउई आणि एसडीआयच्या साइटवर बदली कार्डाची सोय आहे.

सीएमएएसची पद्धत निराळी. हा १९५९ मध्ये स्थापन झालेला जागतिक महासंघ, फ्रेंच समुद्रसंशोधक जाक-इव्ह कुस्तो त्याचे पहिले अध्यक्ष. इथे स्तर ताऱ्यांनी मोजतात: एक, दोन, तीन. कार्ड मिळतं ते त्या-त्या देशाच्या फेडरेशनकडून किंवा तिच्याशी संलग्न क्लबकडून. तेव्हा फ्रान्समध्ये शिकलेल्याने फ्रेंच फेडरेशनकडे जायचं. ब्रिटनमध्ये राहून बीसॅकच्या क्लबात शिकलेल्यांनी त्यांच्या एल्समीअर पोर्टच्या मुख्य कार्यालयाशी संपर्क करायचा.

लॉगिनचा मार्ग चालला नाही तर ईमेल लिहा, आणि पहिल्याच ईमेलमध्ये सगळं द्या. विषयात 'जुनी नोंद शोधून हवी आहे' आणि तुमचं नाव. मजकुरात आजचं पूर्ण नाव, कोर्सच्या वेळचं नाव आणि त्याची इतर रूपं. जन्मतारीख, महिना अक्षरांत लिहून. कोर्सचं नाव, देश, गाव, सेंटर, महिना आणि वर्ष. इन्स्ट्रक्टरचं नाव आणि क्रमांक. त्या वेळचा आणि आताचा ईमेल. सोबत लॉगबुकच्या पानांचे फोटो आणि ओळखपत्र. आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. अर्धवट माहितीचे ईमेल फिरत राहतात आणि आठवडे जातात, म्हणून एवढा जोर देऊन सांगते.

पैसे भरताना भारतातल्या कार्डावर व्यवहार नाकारला गेला तर साइटला दोष देण्याआधी बँकेचं अ‍ॅप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार परदेशी ऑनलाइन व्यवहार आपण स्वतः सुरू करेपर्यंत बंद असतात. तेवढ्यापुरते सुरू करा, काम झालं की परत बंद करा.

प्लास्टिकचं कार्ड मागवावं का? माझं मत, डिजिटल आधी घ्या. प्लास्टिक परदेशातून टपालाने येतं, त्याला किती दिवस लागतील यावर सहलीचं नियोजन करू नये. मागवलंच तर पत्त्यात पिनकोड आणि मोबाइल नंबर न विसरता घाला.

नोंद खरंच सापडली नाही तर

हेही होतं. कोर्स झाला, तात्पुरता कागद मिळाला, पण इन्स्ट्रक्टरने किंवा सेंटरने पुढची कागदपत्रं एजन्सीकडे पाठवलीच नाहीत. पूर्वी फोटो चिकटवलेली पाकिटं टपालाने जायची तेव्हा हे जास्त व्हायचं. अशा वेळी आधी इन्स्ट्रक्टरला गाठा. डायव्हिंगच्या जगात माणसं देश बदलतात, व्यवसाय सहसा बदलत नाहीत, त्यामुळे फेसबुकवर किंवा इन्स्टाग्रामवर ती सापडतात. तो हयात आणि सक्रिय असेल तर एजन्सीच्या परवानगीने उशिरा नोंदणी होऊ शकते. तो सापडला नाही तर लॉगबुक, तात्पुरता कागद, पैसे भरल्याची पावती असं जे असेल ते एजन्सीच्या प्रशिक्षण विभागाकडे पाठवा.

कुठलाच पुरावा उरला नसेल, तर मी तरी कोर्स पुन्हा करा असंच सांगेन. तुम्हाला सगळं येत असेल तर इन्स्ट्रक्टरच्या ते पहिल्याच तासात लक्षात येतं, आणि सराव लवकर उरकतो. मित्राचं कार्ड दाखवणं किंवा 'घरी राहिलं' म्हणून थाप मारणं हा पर्याय नाही. बोटीवरचा गाइड तुमच्या कार्डावरून ठरवतो की तुम्हाला १८ मीटरवर न्यायचं की ३० वर. त्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून खाली नेलं आणि तिथे तुमचं काही बिनसलं, तर जीव त्याचाही धोक्यात येतो.

कार्ड आहे, पण जुनं आहे

ओपन वॉटर, अ‍ॅडव्हान्स्ड, रेस्क्यू या कार्डांना मुदत नसते. वीस वर्षांपूर्वीचं, कोपरे झिजलेलं, फोटोत ओळखू न येणारं कार्डही वैध असतं. तरी काही बाबतींत ते बदलायलाच हवं.

पहिली बाब मुलांची. पॅडीचं ज्युनिअर ओपन वॉटर १० ते १४ वर्षांच्या मुलांसाठी असतं. १०-११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा आणि सोबत आई-वडील, पालक किंवा पॅडीचा व्यावसायिक असावा लागतो. मूल १५ वर्षांचं झालं की ते पूर्ण ओपन वॉटरला पात्र होतं, पण खिशातल्या कार्डावर 'ज्युनिअर' तसंच राहतं. बदली कार्ड मागवलं की तो शब्द जातो, कोर्स परत करावा लागत नाही. दुबई-सिंगापूरला राहणाऱ्या आपल्याकडच्या अनेक कुटुंबांत मुलं लहानपणीच कोर्स करतात. कॉलेजला जाण्याआधी हे उरकून टाका.

दुसरी बाब प्रथमोपचाराची. सीपीआर आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र जुनं होतं. रेस्क्यू डायव्हर करायचा असेल तर ते २४ महिन्यांच्या आतलं लागतं, आणि इथे नवं कार्ड मागवून भागत नाही, कोर्सच पुन्हा करायचा. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचं कार्ड तर सदस्यत्वाचं असतं. त्यावरची तारीख संपली की ते आणि त्याबरोबरचं विम्याचं संरक्षण, दोन्ही संपलं.

बऱ्याच वर्षांनी पाण्यात उतरणार असाल तर

सेंटरच्या फॉर्मवर एजन्सी आणि स्तर यांच्याखाली दोन रकाने असतात: आतापर्यंतचे डाइव्ह किती, आणि शेवटचा कधी. अनुभवी गाइड कार्डाआधी हे रकाने वाचतो. सहा महिने ते वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर बरीच सेंटर्स रिफ्रेशर, म्हणजे उजळणीचं छोटं सत्र, मागतात, आणि त्यांचं बरोबर आहे. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर हात आपोआप योग्य ते करतील की नाही, हे कार्ड सांगू शकत नाही.

इथे एका दगडात दोन पक्षी मारता येतात. पॅडीचा 'रीअ‍ॅक्टिव्हेट' नावाचा रिफ्रेशर पूर्ण केला की त्या तारखेसह नवं कार्ड मिळतं. कार्ड हरवलंय आणि मध्ये मोठा खंडही पडलाय, अशांनी नुसत्या बदली कार्डावर पैसे घालण्याऐवजी हा मार्ग धरावा. अट एवढीच की मूळ नोंद सापडलेली हवी. एसएसआयमध्येही असाच रिफ्रेशर असतो.

शेवटच्या डाइव्हचा पुरावा लॉगबुकाबरोबर गेला असेल तर डाइव्ह कॉम्प्युटर काढा. घड्याळासारख्या त्या यंत्राच्या स्मृतीत तारखा, खोली, मिनिटं साठलेली असतात. बॅटरी बदलून ते चालू झालं तर लॉग उघडून फोटो घ्या.

याच वेळी वैद्यकीय प्रश्नावलीही डाउनलोड करून पाहा. एखाद्या आजाराच्या प्रश्नाला उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते, आणि ती तुमचा इतिहास माहीत असलेल्या गावातल्या डॉक्टरांकडून घेणं बेटावर जाऊन धावपळ करण्यापेक्षा कितीतरी बरं.

हाती आल्यावर कसं ठेवायचं

अ‍ॅपवर विसंबून राहू नका. मुर्डेश्वरहून नेत्राणीला जाणाऱ्या बोटीवर नेटवर्क मिळेलच असं नाही. अंदमानात २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलं, तरी किनारा सुटल्यावर फोनचा भरवसा नाही. कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्क्रीनशॉट फोनच्या गॅलरीत ठेवा. एक रंगीत प्रिंट लॅमिनेट करून लॉगबुकात खोचा. स्वतःलाच एक ईमेल पाठवा, त्यात डायव्हर क्रमांक, नोंदीतलं नेमकं स्पेलिंग, नोंदीतली जन्मतारीख, इन्स्ट्रक्टरचा क्रमांक आणि लॉगबुकची पानं. तोच ईमेल बुकिंगच्या वेळी सेंटरला पुढे पाठवा. निघायच्या तीन-चार आठवडे आधी हे केलंत, तर काही अडलं तरी दुरुस्तीला वेळ उरतो.